छत ठोकून पाहणारा मुखरू

मुखरूला जेवायला बोलावलं की तो पाटावर बसण्याआधी वर बघायचा. आढं कसं आहे, भिंत कुठं कलली आहे, हे पाहून झाल्यावरच पाण्याच्या गडव्याला हात लावायचा. यजमानाला वाटायचं, हा जेवायला आला की घर विकत घ्यायला! पण मुखरूचा नाइलाज होता. घुग्घुसच्या कोळसा खाणीत छताला लाकडी टेकू लावणं हे त्याचं काम. तिथं रोज सळीनं छत ठोकायचं आणि कान द्यायचा. टणक आवाज आला तर पुढं जायचं, भदभद आला तर आधी टेकू. ज्यानं कान दिला नाही, त्याला बाकीच्यांनी खांद्यावर घालून वर आणलेलं मुखरूनं पाहिलं होतं.

त्या साली चांद्याकडच्या उन्हानं होळीनंतर लगेच डोळे वटारले. मुखरूच्या बायकोचे, रंभाचे, दिवस वैशाखात भरत होते. आदल्या खेपेची पोर अशाच वैशाखात, बारशाच्याही आधी, उन्हाच्या तापानं गेली होती. मुखरू तिच्या उशाशी विंझणा हलवत बसला होता आणि हलवता हलवताच पोर थंड झाली होती. या खेपेला लेकराला वारा मिळणार म्हणजे मिळणारच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. साहेबाच्या बंगल्यातून काढून टाकलेला छताचा पंखा त्यानं मागून आणला. जुना, लोखंडी, एकट्यानं उचलायचा म्हटलं तर कंबर धरावी असा. खाणीची वीज त्यांच्या आळीपर्यंत आलेलीच होती.

"मधातल्या तुळईले पाळण्याची कडी हाय ना," त्याची आई शकुबाई म्हणाली. "तुमी सारी भावंडं तिलेच झुलली. तिथीच टांग. जुनं ते सोनं."

ती तुळई मुखरूच्या बापानं जंगलातून आणलेली, सागाची. तो गेल्यापासून शकुबाई दर दिवाळीला तिला तेल चोळायची, हळदकुंकू लावायची. तुळई अशी चमकायची की त्यात तोंड बघावं. मुखरू शिडीवर चढला आणि सळीनं ठोकत निघाला. भिंतीजवळ टणक, टणक. कडीजवळ भदभद.

"उधई लागली, माय."

"तुया बापाच्या लाकडाले? त्वांडाले आवर घाल!"

मुखरूनं सळीचं टोक दाबलं. ते लोण्यात जावं तसं आत गेलं आणि शकुबाईच्या डोक्यावर भुसा सांडला. वाळवीनं आतून सगळं फस्त केलं होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा! म्हातारीनं भुसाही झटकला नाही. मग फटकन म्हणाली, "बापाच्या लाकडात सळी घातलीस तू," आणि त्या दिवसापासून तिनं लेकाशी बोलणं टाकलं.

मुखरूला वाईट वाटलं, पण तो थांबला नाही. तुळईखाली त्यानं आधी टेकू दिला. पंख्यासाठी दोन सागाचे खांब जमिनीत दगडावर बसवले आणि त्यांवर नवं आडवं लाकूड चढवलं. आळीतले लोक डोकावून हसायचे. "काऊन गा मुखरू, घरात खदान काढून राह्यला का?" मुखरू म्हणायचा, "हो ना, या कोळसा उचलाले."

पंख्याची कडी बसायच्या आधीच, भर दुपारी, रंभाला कळा सुरू झाल्या. सुईण आत गेली. इतके दिवस मुकी असलेली शकुबाई धावत बाहेर आली. "अरे, तिच्या अंगाची लाही होऊन राह्यली! टांग ना जुन्या कडीले, तिले पंख्याखाली आणतो! आजच्या रोजाची तं गोठ हाय!"

 रंभाचं कण्हणं मुखरूलाही ऐकू येत होतं.

"नाई माय. ज्या छताचा आवाज खोटा, त्याच्याखाली मी दुसऱ्याच्या लेकरालेबी बसवत नाई. हे तं माह्यं हाय."

त्यानं नव्या लाकडाला आरपार भोक पाडून कडीचा दांडा वर काढला. वर लोखंडी पट्टी ठेवून एकावर एक दोन नट आवळले. मग कडीला आधी धानाचं पोतं टांगलं, पीळ देऊन गरगर सोडलं आणि लाकडाला कान लावला. कुरकुर नाही. स्वतःही लोंबकळून पाहिलं. खाणीतला वायरमन बिरजू येऊन बसला होता, त्यानं वीज बंद केली. दोघांनी मिळून पंखा चढवला, बोल्ट निसटू नये म्हणून त्यात पीन घालून तिची दोन्ही टोकं फाकवली, तारा जोडल्या. आत लेकरू रडलं. मुलगी झाली होती.

बिरजूनं बटण दाबलं. पंखा घुमू लागला. मुखरूनं खाली चटई टाकली आणि स्वतः पात्यांखाली आडवा झाला.

"उठ गा," शकुबाई त्याच्या डोक्याशी उभी होती. "तुले लेकराले पोसा लागते. मी लेटतो."

"मजबूत हाय, माय."

"मजबूत हाय तं तू काऊन लेटला?"

 मुखरू उठला. म्हातारी चटईवर उताणी झाली आणि डोळे न मिटता वर बघत राहिली. तिचे पांढरे केस उडत होते. बिरजू विडी ओढायला म्हणून बाहेर गेला, तो परतही आला, तरी ती तशीच होती. शेवटी ती कुशीवर वळली आणि शेजारची जागा तिनं पदरानं पुसली.

"आण तिले," ती म्हणाली.