नकाशात पाच खोल्या, जागेवर तीन

बँक घरासाठी कर्ज देण्याआधी घर मोजायला मला पाठवते. लातूरपासून नांदेडपर्यंत किती घरांत चपला काढून शिरलो असेन, देव जाणे. भिंतीच्या आतून आतपर्यंत मापायचं, ते राहण्याचं क्षेत्र. गच्ची, पत्र्याचं शेड, गोठा त्यात धरायचा नाही. नकाशात आणि जागेवर फरक पडला तर जे कमी भरेल तेच लिहायचं. लोकांना वाटतं, किंमत साहेब ठरवतो. कसलं काय! साहेब फीत धरतो आणि शिव्या खातो.

निलंग्याचं ते घर त्या दिवसाचं चौथं. गाडीवर बसून कंबरेचा पार भुगा झालेला. नांदेडला नर्स असलेली एक मुलगी हे घर चुलत्याकडून विकत घेणार होती, म्हणजे तिथं जन्म काढलेल्या आईवडिलांना उठावं लागणार नव्हतं. चुलत्यानं महिन्याची मुदत दिलेली, त्यातला आठवडाच उरलेला. तिला ड्युटी होती, म्हणून घरी फक्त म्हातारा-म्हातारी.

नकाशात पाच खोल्या. जागेवर तीनच. मागच्या दोन खोल्यांत सोयाबीनचं भुसकट गच्च भरलेलं आणि दारात शेळी बांधलेली.

"मामा, ह्या खोल्या कशाच्या?"

"कुठल्या खोल्या, साहेब? गोठा हाय. पयल्यापासून."

मी वर पाहिलं, छताला पंख्याचा हूक. पायानं भुसकट सारलं, तर खाली चकचकीत फरशी. शेळीला फरशी! माझं टाळकंच सरकलं.

"मामा, मी घरपट्टीवाला न्हाई, बँकेचा हाय. घर मोठं भरलं तर पोरीलाच कर्ज जास्त मिळंल."

म्हातारा हसला. "समदे असंच गोड बोलत्यात. मागं एक आला फीत घिऊन, अन् घरपट्टी दुप्पट करून गेला. पोरीच्या डोक्यावर तसला बोजा न्हाई बसू द्यायचा मला."

"अवो, पोरगी फोनवर म्हणली व्हती..." म्हातारी बोलायला गेली.

"तू गप बस. तुला काय कळतंय."

मी मुलीला फोन लावला. उचलला नाही, वॉर्डात असेल. थोडं थांबून पुन्हा लावायला हवा होता. पण पुढं औशाला जायचं होतं आणि खरं सांगतो, मला वीट आला होता. रोज उठून कुणाला तरी समजावण्याचा वीट. दिसलं ते लिहिलं: तीन खोल्या, मागे गोठा. म्हाताऱ्यानं खाली सही केली, चहा पाजला, गाडीपर्यंत सोडायला आला.

आठ दिवसांनी मुलीचा फोन आला. कर्ज कमी पडलं होतं. "सर, दोन खोल्या कुठं गेल्या?"

मी सगळं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, बँकेला पुन्हा अर्ज द्या. मी उद्याच येतो, फुकट मोजतो."

"आता काय उपयोग, सर. मुदत संपली, चुलत्यानं काल दुसऱ्याकडून घराचा इसार घेतला."

"वडिलांना कळलं?"

"नाही सांगितलं अजून. तुम्ही कधी तिकडं गेलात तर तुम्हीबी सांगू नका. पोरीचं घर मीच वाचवलं म्हणून गल्लीभर सांगत फिरायलेत ते."