उलटा सदरा

रोह्याच्या एसटी स्टँडबाहेर हातगाडीवर वडे तळणारा तो माणूस मी रोज पाहायचो, पण नाव कधी विचारलं नाही. नगरपालिकेचा निकाल लागला त्या दुपारी विजयाची मिरवणूक त्याच्या गाडीसमोरून गेली आणि कुणीतरी मूठभर गुलाल त्याच्या खांद्यावर उधळला. त्याने घाईने ओलं फडकं फिरवलं. डाग जास्तच लाल झाला. मग गाडीमागे वाकून त्याने सदरा काढला आणि उलटा घातला, शिवणी बाहेर.

मी हसलो. म्हटलं, "पडलेल्यांना कशाला घाबरता आता?"

"पडलेला घरी बसत नाय, साहेब," रस्त्यावरची नजर न हटवता तो हळू म्हणाला. "संख्याबळावर त्यांचाही एक स्वीकृत नगरसेवक आत जातो. उद्या हाच पडलेला आत जाईल. नि माझी गाडी तर हितंच हाय."

पेणच्या एसटीत बसल्यावर माझ्याही बाहीवर गुलाल दिसला. पेणचा निकालही आजच होता, आणि गुलालावर पक्षाचं नाव नसतं.

पेणच्या अलीकडचं वडखळ यायच्या आत मी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. थंडीचे दिवस होते.