पॅकी मलवीची गाय एकदाची तळ्यात गेली

पॅकी मलवीला गोष्ट सांगायला लावायची म्हणजे दुपारवर पाणी सोडायचं, हे आयर्लंडमधल्या आमच्या लीट्रिममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. अडतीस वर्षं त्याने डेअरीचा टँकर चालवला. दारोदारचं दूध गोळा करता करता त्याने दारोदारची नातीगोतीही गोळा केली. त्याच्या गोष्टीत माणूस आला की आधी त्याचं घराणं यायचं, मग आईचं माहेर, मग बॉस्टनला गेलेला चुलता. गोष्ट बिचारी बाहेर ताटकळत उभी.

गावचं पोस्ट मी चालवायचे, त्यामुळे हा आजार मलाही आहे. मंगळवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये आमचा लोककथा सांगायला शिकवणारा वर्ग भरायचा. ‘तो मॅकटिअर्नन, पुलाजवळच्यांपैकी नव्हे,’ असं पॅकी म्हणाला की मला राहवायचं नाही. ‘पुलाजवळ मॅकटिअर्नन कधी नव्हतेच,’ मी म्हणायचे. झालं, वीस मिनिटं गेली.

सोरखा ही आमची डब्लिनहून येणारी तरुण शिक्षिका. ती पार हवालदिल व्हायची.

‘पॅकी, तुमच्या गोष्टीतली गाय तळ्यातून बाहेर कधी येणार?’

‘येईल की. आधी शेत कुणाचं ते तर कळू दे.’

सहाव्या आठवड्यात तिने प्रत्येकाला आपापली प्रगती सांगायला लावली. मी काहीतरी छापील बोलले. पॅकी हातातली टोपी फिरवत बसला होता.

‘माझी काही प्रगती नाही,’ तो म्हणाला. ‘ही गोष्ट मी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी नाचाहून परतताना अ‍ॅट्रॅक्टाला सांगायला घेतली. तिच्या घराचं फाटक आलं, गोष्ट राहिली. म्हटलं, उरलेली पुढच्या रविवारी. मग आमचं लग्न झालं, पोरं झाली, गोष्ट अजून तिथेच आहे. वर्गाच्या शेवटच्या दिवशी ती ऐकायला येणार आहे. तेव्हा तरी तिला शेवट ऐकवायचाय. आता किती रविवार उरलेत कुणास ठाऊक.’

सगळे हसले. मला मात्र स्वतःची लाज वाटली.

त्या दिवसापासून मी तोंड शिवून घेतलं. पॅकीने गोष्ट सुरू केली की सोरखा चहाची किटली चढवायची. अट एकच, किटलीची शिट्टी व्हायच्या आत गाय परत तळ्यात गेली पाहिजे. सातव्या आठवड्यात शिट्टी झाली तेव्हा पॅकी शेतकऱ्याच्या मेव्हण्यापाशी होता. आठव्यात गाय निदान बाहेर आली. नवव्यात तिला वासरं झाली आणि शिट्टी झाली.

शेवटच्या मंगळवारी हॉल भरला. पहिल्या रांगेत मांडीवर पर्स ठेवून अ‍ॅट्रॅक्टा बसली होती. पॅकी उभा राहिला.

‘एक माणूस होता. त्याचं शेत तळ्याकाठी होतं.’

‘कोणता माणूस?’ मागून एक म्हातारा म्हणाला. ‘कुणापैकी?’

पॅकीचा चेहरा लालबुंद झाला. उत्तर त्याच्या ओठांवर होतं, माझ्याही होतं. आम्ही दोघांनी ते गिळलं.

‘एक माणूस,’ पॅकी म्हणाला आणि पुढे निघाला. तळ्यातून पांढरी गाय आली. सात वर्षं तिने घर दुधाने भरलं, सात कालवडी दिल्या. मग एका सकाळी तो माणूस चिडला आणि त्याने तिच्या पाठीत काठी घातली. गाय हंबरली. कालवडी तिच्यामागे एका रांगेत पाण्यात उतरल्या. एक लंगडी होती, ती मागे राहिली. ‘आपल्याकडच्या झाडून सगळ्या पांढऱ्या गाई त्या लंगडीच्या,’ असं म्हणून पॅकी मटकन खाली बसला.

टाळ्या थांबेनात. मी खुशाल रडले.

चहाच्या वेळी सोरखाने अ‍ॅट्रॅक्टाला विचारलं, ‘मग, कसा वाटला शेवट?’

‘बरोबर सांगितला त्याने. माझी आजी अगदी असाच सांगायची.’

पॅकीचा सँडविच धरलेला हात तोंडापाशीच थांबला. ‘तुला माहीत होती ही गोष्ट?’

‘आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होती.’

‘मग फाटकापाशी बोलली का नाहीस?’

‘बोलले असते, तर पुढच्या रविवारी कशाला आला असतास?’

पॅकीने सँडविच बशीत ठेवलं.

‘तू एवढी लबाड आहेस हे तेव्हा कळलं असतं,’ तो म्हणाला, ‘तर सोमवारीच आलो असतो.’