कानकोरणी आणि वीतभर वड

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि नळ कोरडे पडले होते. आमच्या कचेरीसमोरच्या सलूनवाल्यानं आरशाखाली, पसरट कुंडीत, वीतभर वड जोपासला होता. कैची होतीच, पण वडासाठी त्यानं वेगळा डबा ठेवला होता. मुळांची गुंत सोडवायला कानकोरणी, माती झाडायला झिजलेला दाढीचा ब्रश, पिवळं पान खुडायला चिमटा.

"झाडाला एवढं सामान?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक दुखलं की वरडतंय, साहेब. ह्याला तोंड न्हाई."

एकदा माझे केस भिजवायला त्यानं फवारा उचलला. बाटलीत घोटभरच पाणी उरलं होतं. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि फवारा वडावर मारला.

कोरडे केस कैचीत ओढले जात होते. मी ओरडलो नाही.