सवाशिणीचं डोकं

अक्काचे केस गुडघ्यापर्यंत यायचे आणि आमच्या घराला त्यांचा भलता गर्व होता. धरणगावची मंडळी तिला बघायला आली, तेव्हा त्यांनी तोंडाआधी वेणी पाहिली. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत तिचं डोकं ठणकायला लागलं, मग झटके यायला लागले. सासरी सगळे अंगारे-धुपारे करून झाले. शेवटी माझ्या हट्टापायी तिला मुंबईला नेलं. मी तेव्हा जळगावला कॉलेजात होते आणि मला तोंड आवरत नसे.

डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी घालून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. एका जागी त्यांचा गुंता झाला होता, जन्मापासूनचा. तो कधीही फुटेल, ते म्हणाले, पण कवटी उघडून काढता येतो. धोका होता, तरी वय तरुण, वाचायची आशा चांगली. भाऊजींनी सहीसाठी पेन उचललं, तेवढ्यात नर्स सांगून गेली की आदल्या दिवशी डोकं पूर्ण भादरावं लागेल.

अक्काच्या सासूने पेन काढून घेतलं. "मना पोऱ्या जित्ता शे आजून. सवाशीन बाईनं डोकं भादरतस का?"

आमच्या जातीत विधवांचंही डोकं कोणी भादरत नसे! ही भीती तिने कुठून उसनी आणली, देव जाणे. अक्का कॉटवरून म्हणाली, "भादरू द्या ना. केस परत येतीन." तिला कोणी विचारलंच नव्हतं. "आई नाही म्हणतेय तर..." एवढंच भाऊजी बोलले. मला म्हातारीपेक्षा त्यांचाच संताप जास्त आला, अजूनही येतो. दुसऱ्या दिवशी सगळे गाडीत बसून परत आले.

कापूस वेचणीच्या दिवसांत अक्का शेतातच कोसळली. जीपमधून जळगावला आणेपर्यंत तिच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. आता उघडून उपयोग नाही, तिथले डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी ती गेली.

अंगणात बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. मग एकेक सवाशीण पाया पडून तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावू लागली. सासू माझ्या आईजवळ येऊन बसली.

"रडू नको, विहीनबाई. नशीबवान शे तुनी पोर. अहेव गयी."

आईने पदराने डोळे पुसले आणि कुंकू घ्यायला तीही रांगेत उभी राहिली.