उबीनच्या बोटीवरचं रेगे

डिझेलचा वास आला की मला पुलाउ उबीन बेटावर जाणारी ती लाकडी बोट आठवते. इथल्या मराठी मंडळाची सायकल सहल होती, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, आणि ऑफिसातला माझा मित्र छोट्या स्पीकरवर रेगे संगीत लावून माझ्या बायकोला समजावत होता, "वहिनी, हे नुसतं बीचवरचं नाचगाणं नाही. जमैकात उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्यांच्या पतवंडांनी झोपडपट्टीतून सरकारला विचारलेला जाब आहे हा." ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. माझा मात्र जळफळाट चालला होता, कारण यातला शब्द न् शब्द मीच त्याला ऑफिसजवळ, आंग मो किओच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर जेवताना सांगितला होता. घरी मी रेगे हेडफोन लावून ऐकायचो. "काय ती एकसुरी कटकट," असं बायको एकदा म्हणाली होती. मला वाटलं, आता तरी तो माझं नाव घेईल. त्यानं आणखी एक पुरी घेतली. बोटीतून उतरताना बायको मला म्हणाली, "बघ, लोक गाणी किती विचार करून ऐकतात." मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही. आजही तो घरी येणार असला की ती पुऱ्या करते, आणि स्पीकर चार्ज करून ठेवायला मला सांगते.