काटेकोर आणि वेळ न पाळणारी मादी

माझं पुस्तकबांधणीचं दुकान आणि त्याचं घड्याळदुरुस्तीचं, मध्ये एकच भिंत. चाळीस वर्षं पलीकडची टिकटिक ऐकून माझं डोकं उठलंय. गल्लीत सगळे त्याला काटेकोर म्हणतात, अगदी तोंडावर. पाचचा चहा पाच-दोनला आला तरी तो पितो, पण पिताना असा बघतो की चहा माझ्याच घशात अडकावा.

अशा माणसाला बायको मिळाली ती ‘आलेच हं’ म्हणणारी. वहिनींचं ‘आलेच’ कधी पाच मिनिटांचं, कधी पाऊण तासाचं. तोवर हा चपला घालून दारात, नजर मनगटावर. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळही वहिनींच्या माहेरचं आणि त्यांच्याच वळणाचं: मनात आलं तर चालणार, नाहीतर अडखळणार. याने ते सतरा वेळा उघडलं आणि सतरा वेळा हात टेकले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

थंडी सरता सरता त्याची भाची आली ती काखोटीला क्रौंच मारून. मेलेला नव्हे, यंत्राचा. ती पक्ष्यांचा अभ्यास करते. ही यंत्रमादी तळ्याकाठी उभी करायची आणि नर तिच्यापुढे कसे नाचतात ते टिपायचं. पण मादी पाण्यात पडली होती. मोटार शाबूत, मान कधी वळवायची हे ठरवणारा भाग मात्र जळालेला. दुरुस्तीला कंपनी दोन महिने मागत होती आणि क्रौंच आठ दिवसांत उडून जाणार होते. एवढी शेवटची निरीक्षणं राहिली, तर तिची तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

काटेकोर बाह्या सरसावून बसला. त्याने एका रात्रीत दातेरी चाकं जुळवली. सुटलेली पिसं चिकटवायला मी, कारण खळ माझ्याकडे. एक पीस तिरकं बसलं म्हणून बोलणीही मीच खाल्ली. मादी आता दर बारा सेकंदांनी मान वळवत होती, एक क्षण इकडे नाही की तिकडे नाही.

तळ्याकाठी आम्ही कापडी आडोशामागे दबा धरून बसलो. एक नर आला. मादीची मान एकदा वळली, त्याने बघितलं. दुसऱ्यांदा वळली, तो ताठ झाला. तिसऱ्यांदा वळली आणि त्याने धूम ठोकली. तीन दिवस हेच. भाची मामाला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. त्याने चाकं पुन्हा तपासली आणि मला सांगितलं, चूक पक्ष्यांची आहे. माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, मग पाठव त्यांनाच दुकानात दुरुस्तीला.

चौथ्या दिवशी वहिनी डबा घेऊन आल्या, अर्थात तासभर उशिरा. त्यांनी मादीकडे जरा वेळ बघितलं.

“अहो, जिवंत बाई एवढी वेळेवर वळते का? पहारेकरी वाटतोय तो.”

घरी गेल्यावर त्याने मादी पुन्हा उघडली. चाकाचा एक दात मोडायचा म्हणून कानस घेऊन बसला, पण जमेना. ज्या हातांनी जन्मभर घड्याळांच्या खोडी मोडल्या, त्यांना खोड लावता येत नव्हती. मला त्याची खरोखर कीव आली.

सकाळी बघतो तर वहिनींचं घड्याळ त्याच्या टेबलावर, पोट उघडं टाकून.

“हेच बसवतो. हे मला कधी सरळ करता आलं नाही.”

आता मादी सात सेकंदांनी वळे, मग चाळीस सेकंद ढिम्म, मग लागोपाठ दोनदा. सहाव्या दिवशी तोच नर परत आला. वाकला, हिचं लक्ष नाही. पंख पसरून उड्या मारल्या. हिचं लक्ष नाही. शेवटी चोचीत गवताची काडी धरून समोर उभा राहिला. मग ती मान हळूहळू त्याच्याकडे वळली आणि गडी असा नाचला की भाचीला लिहिताना हसूही येत होतं आणि रडूही. पुढच्या दोन दिवसांत आणखी सात नर नाचून गेले. तिची वही भरली.

त्या आनंदात तिने आम्हा तिघांना आपल्या घरी जेवायला बोलावलं. काटेकोर चपला घालून दारात, शेजारी मी. आत भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता गोल डाग.

“आलेच हं,” आतून आवाज आला.

त्याने बाही ओढून मनगट झाकलं आणि पायरीशी उगवलेलं गवत बघत बसला. सत्तेचाळीस मिनिटं झाली, मीच मोजली.

वहिनी आल्या, तेव्हा त्याने मुकाट्याने गवताची एक काडी त्यांच्यापुढे धरली. वहिनी रस्त्याकडे बघत पदर सारखा करत राहिल्या. मग मान वळवली, पण लगेच नाही.